आधी आवाज, मग चित्र : घरच्या संगणकावर पहिला व्हिडिओ जुळवताना

मोठ्या मावशीच्या हातचे उकडीचे मोदक आमच्याकडे सगळ्यांनी खाल्लेत, शिकलं मात्र कुणीच नव्हतं. मागच्या गणपतीत मी फोन ओट्यासमोर लावला आणि पिठी चाळण्यापासून मोदकपात्र उतरवण्यापर्यंत सगळं टिपलं. संध्याकाळी मोजलं तर २३ क्लिप्स, मिळून ४८ मिनिटं. हे तसंच नातेवाइकांना पाठवलं असतं तर पाच मिनिटांच्या पुढे कुणी गेलं नसतं. त्यातून सहा मिनिटांचा व्हिडिओ झाला आणि तो पाहून बंगळुरूची भाची पुढच्या संकष्टीला मोदक करायला बसली.

त्या सहा मिनिटांच्या आधारानेच हे लिहिते आहे. ज्यांनी एडिटिंग कधीच केलेलं नाही, घरी साधा लॅपटॉप आहे, आणि फोनमध्ये बारसं, मुंज, आजोबांच्या गप्पा, शेतातली मळणी असं काहीतरी पडून आहे, त्यांच्यासाठी. नवीन माणसाला ही सगळी बटणांची विद्या वाटते. बटणं एका दुपारी कळतात. वेळ जातो तो काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे ठरवण्यात. ते ठरवायचं तर आधी कान लावायचा, असं मला आता ठामपणे वाटतं. बोलणं आधी रचायचं, चित्र त्यावर बसवायचं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याच क्रमाने आहेत.

सॉफ्टवेअर आणि संगणक

मी शॉटकट वापरते. फुकट आहे, मुक्त स्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं आणि तयार व्हिडिओच्या कोपऱ्यात स्वतःचा शिक्का मारत नाही. ते शॉटकट डॉट ऑर्ग या मूळ ठिकाणाहूनच उतरवून घ्या. शोधताना मिळणाऱ्या भलत्याच ‘फ्री डाउनलोड’च्या बटणांवर जाऊ नका. केडेनलाइव्हही चांगलं आहे, दोन्हींच्या पोटात एमएलटी नावाचं एकच इंजिन आहे. मॅक असेल तर आयमूव्ही आधीच असतं, विंडोज ११ वर क्लिपचॅम्प. दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती या सगळ्यांत ताकदवान, पण तिला चांगलं ग्राफिक्स कार्ड आणि भरपूर रॅम लागते; साध्या लॅपटॉपवर ती पहिल्याच दिवशी हिरमोड करते. यातलं कुठलंही एक घ्या आणि पहिले तीन व्हिडिओ तरी त्यावरच करा.

शॉटकटचे निर्माते एचडी कामासाठी किमान ८ जीबी रॅम सांगतात, फोर-केसाठी १६. माझा लॅपटॉप ८ जीबीचा आहे आणि काम होतं. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी एसएसडीवर (जुन्या हार्ड डिस्कपेक्षा वेगवान डिस्क) करा, त्यानंतर कानाला नीट बसणाऱ्या हेडफोनवर. मोठा पडदा, महागडा माउस हे सगळं नंतरचं.

फोनमधून संगणकात

पहिली चूक इथेच होते, म्हणून जरा थांबून सांगते. क्लिप्स व्हॉट्सअ‍ॅपवरून स्वतःलाच पाठवून संगणकावर उतरवू नका. व्हिडिओ म्हणून पाठवलेली क्लिप व्हॉट्सअ‍ॅप दाबून लहान करतं, आणि दाबलेलं चित्र पुन्हा खुलत नाही. चार्जिंगची केबल संगणकाला लावा, फोनवर सूचना येईल त्यात ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. अँड्रॉइड फोनमध्ये ‘डीसीआयएम’ फोल्डरच्या आत ‘कॅमेरा’ असतं, तिथे मूळ क्लिप्स सापडतील. काही केबलींतून फक्त चार्जिंग होतं. फोन संगणकाला दिसतच नसेल तर आधी केबल बदलून पाहा.

१०८०पी (म्हणजे फुल एचडी), ३० फ्रेमवर (सेकंदाला ३० चित्रं) टिपलेलं एक मिनिट साधारण १०० ते १५० एमबी जागा घेतं; नवे फोन एचईव्हीसी या पद्धतीने साठवतात तेव्हा त्याच्या निम्मं. म्हणजे माझी ४८ मिनिटं सुमारे ६ जीबी. कामाच्या वेळी तयार होणाऱ्या प्रती धरून याच्या तिप्पट-चौपट जागा मोकळी ठेवा.

आता संगणकावर एक फोल्डर करा, ‘मोदक’. त्याच्या आत तीन : ‘मूळ’, ‘आवाज-फोटो’, ‘तयार’. सगळ्या क्लिप्स ‘मूळ’मध्ये कॉपी करा आणि त्यानंतर त्या फोल्डरला हात लावू नका. वडिलांच्या पंचाहत्तरीचा व्हिडिओ करताना मी क्लिप्स पेन ड्राइव्हवरच ठेवून कापाकापी केली होती. दोन दिवसांनी तो पेन ड्राइव्ह घरातल्या कुणीतरी दुसऱ्या कामासाठी रिकामा केला. प्रोजेक्ट उघडला तर फाइली सापडत नसल्याचा संदेश, आणि टाइमलाइनवर, म्हणजे तुकडे ओळीने लावायच्या पट्टीवर, नुसते रिकामे चौकोन. काही क्लिप्स भावाच्या फोनमध्ये होत्या म्हणून निम्मा कार्यक्रम वाचला. बाबांचं भाषण गेलं ते गेलंच.

असं का होतं हे कळलं की आयुष्यभर लक्षात राहतं. शॉटकटची प्रोजेक्ट फाइल काही केबींचीच असते, कारण तिच्यात चित्र नसतंच. ‘क्लिप ७ मधले चौदाव्या सेकंदापासून विसाव्यापर्यंतचे तुकडे इथे लावा, आवाज एवढा ठेवा’ अशा सूचना फक्त असतात. मूळ क्लिप जागची हलली की सूचना लटकतात. याची चांगली बाजूही आहे : तुम्ही टाइमलाइनवर कितीही कापलंत तरी मूळ क्लिपला ओरखडाही उठत नाही. ‘कट’ हा शब्द आला तो खऱ्या कात्रीवरून. दादासाहेब फाळके १९१३च्या आसपास चित्रपट करत तेव्हा फिल्मला भोकं पाडण्यापासून ती धुण्यापर्यंतची कामं त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई घरातच करत होत्या. तिथे चुकलेला काप म्हणजे खरोखर कापलेली फिल्म. आपल्याला कंट्रोल आणि झेड दाबलं की सगळं पूर्ववत. तेव्हा घाबरून काम करू नका.

संगणक बंद, वही उघडा

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी सगळ्या क्लिप्स एकदा शांतपणे पाहा. मी शंभर पानी वही घेऊन बसते. प्रत्येक ओळीत क्लिपचा नंबर, मिनिट-सेकंद आणि काय आहे ते. माझ्या वहीतल्या चार ओळी अशा होत्या :

क्लिप ३, ०:४० – ‘पिठी घेशील तेवढंच पाणी’ – हवंच
क्लिप ७, २:१४ – उकड मळताना, ‘गार होऊ देऊ नको गो’ – हवंच, आवाज स्वच्छ
क्लिप ९, पूर्ण – कुकरच्या शिट्ट्या, बोलणं ऐकू येत नाही – फक्त चित्र
क्लिप १४, १:०५ – कळ्या पाडणारी बोटं, जवळून – सोनं

४८ मिनिटं पाहायला दीड तास लागला. हा दीड तास वाचवायला जाल तर पुढे चार तास जातील. वही भरली की प्रश्न विचारा : हा व्हिडिओ कुणासाठी आहे आणि पाहून त्याने काय करावं? माझं उत्तर होतं, भाचीला एकटीला मोदक जमावेत. एवढं ठरलं आणि शेजारच्या काकू आल्या तो प्रसंग, मांजरीचा, आरतीच्या तयारीचा, सगळं आपोआप बाजूला पडलं. छान होतं ते, पण या व्हिडिओतलं नव्हतं. ते ‘मूळ’मध्ये आहेच, त्याचा वेगळा व्हिडिओ कधीतरी होईल.

शॉटकट उघडल्यावर

सुरुवातीच्या पडद्यावर प्रोजेक्टचं नाव आणि जागा विचारतात. जागा आपलं ‘मोदक’ फोल्डर. ‘व्हिडिओ मोड’मध्ये फोनने ज्या वेगाने टिपलं तोच वेग निवडा, बहुतेक फोनचा १०८०पी, ३० फ्रेम. वरच्या पट्टीत ‘प्लेलिस्ट’, ‘टाइमलाइन’, ‘फिल्टर्स’, ‘एक्स्पोर्ट’ अशी बटणं दिसतील. प्लेलिस्ट म्हणजे कच्च्या मालाची फळी, टाइमलाइन म्हणजे ओटा. क्लिप्स ‘मूळ’ फोल्डरमधून ओढून प्लेलिस्टवर सोडा.

बऱ्याचदा इथे एक खिडकी उघडते : फाइलचा फ्रेम रेट बदलता आहे, एडिटिंगला सोपी जाईल अशी प्रत करू का? हो म्हणा. फोन अंधाऱ्या जागी सेकंदाला कमी चित्रं घेतो, उजेडात जास्त. कानाडोळा केलात तर दहाव्या मिनिटाला मावशीचे ओठ आणि शब्द यांची फारकत झालेली दिसेल. तिथे दर्जाचे तीन पर्याय असतात, घरच्या कामाला पहिला पुरतो. वरचे दोन डिस्क भराभर खातात.

क्लिप पुढे-मागे सरकवताना चित्र अडखळत असेल तर लॅपटॉपला लगेच नावं ठेवू नका. फोन प्रत्येक चित्र पूर्ण साठवत नाही. एक पूर्ण चित्र, मग पुढच्या बऱ्याच चित्रांसाठी ‘आधीच्यापेक्षा काय बदललं’ एवढीच नोंद. मधल्याच कुठल्या चित्रावर तुम्ही थांबलात की संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापासून हिशोब करत यावं लागतं. यावर उपाय प्रॉक्सीचा. ‘सेटिंग्ज’मध्ये ‘प्रॉक्सी’ आणि त्यात ‘यूज प्रॉक्सी’ सुरू करा. शॉटकट प्रत्येक क्लिपची लहान, हलकी प्रत करतं, तुम्ही त्या प्रतीवर काम करता आणि शेवटी व्हिडिओ मात्र मूळ क्लिपमधूनच तयार होतो. माझ्या ८ जीबीच्या लॅपटॉपवर हे केल्याशिवाय मी सुरुवातच करत नाही.

बोलण्याचा कणा

आता खरं काम. चित्राकडे लक्ष न देता, ज्यात मावशी कामाचं बोलते आहे तेवढेच तुकडे टाइमलाइनवर ओळीने लावायचे.

प्लेलिस्टमधल्या क्लिपवर डबल-क्लिक केलं की ती वरच्या पडद्यात उघडते. बोलणं सुरू होण्याच्या किंचित आधी थांबून ‘आय’ दाबा, संपल्यावर किंचित नंतर ‘ओ’ दाबा. मग ‘ए’ दाबलं की तेवढाच तुकडा टाइमलाइनच्या शेवटी जाऊन बसतो. वहीतल्या ‘हवंच’ लिहिलेल्या सगळ्या ओळी अशा लावून घ्या. टाइमलाइनवर नंतर कापायचं असेल तर तिथली उभी रेघ हव्या त्या जागी आणून ‘एस’ दाबा, तुकडा दोन होतो. नको तो भाग निवडून ‘एक्स’ दाबा, तो जातो आणि पुढचे तुकडे सरकून पोकळी भरून काढतात. डाव्या-उजव्या बाणांनी एकेक फ्रेम हलता येतं. ‘एल’ने पुढे, ‘जे’ने मागे, ‘के’ने थांबा. सुरुवातीला एवढ्या नऊ-दहा कळा पुरे. हात बसेपर्यंत मी त्या कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवल्या होत्या.

हे झालं की डोळे मिटून पूर्ण ऐका. खरंच मिटा. रेडिओवर कुणी मोदक शिकवतंय असं वाटलं पाहिजे. माझ्या पहिल्या जुळवणीत मावशी ‘पिठीएवढंच पाणी’ तीनदा म्हणत होती. डोळे उघडे असताना ते मला कळलंच नव्हतं, कारण प्रत्येक वेळी चित्र वेगळं होतं. दोन वेळा काढून टाकलं. आणि सारणाबद्दल बोलून झाल्यावर एकदम वाफेबद्दल आलं, मधली पारी कुठेच नव्हती. मग वही उघडून शोधली, क्लिप ११ मध्ये सापडली. चित्रं लावून झाल्यावर हे लक्षात आलं असतं तर अर्धी रात्र गेली असती.

बोलणं कापताना आवाजाची लाट पाहा. टाइमलाइनवर आवाज डोंगरदऱ्यांसारखा दिसतो; काप दरीत घ्या, डोंगरावर नको. शब्दानंतरचा श्वास ठेवा. नवीन माणूस दोन वाक्यांमधली प्रत्येक शांतता उडवतो आणि मग बोलणारा धापा टाकत असल्यासारखा ऐकू येतो. मावशी ‘थांब’ म्हणून दोन सेकंद उकड चाचपते, मग पुढे बोलते. ते दोन सेकंद मी तसेच ठेवले, कारण मोदक करणाऱ्यानेही तिथे थांबायचं असतं.

तुकड्यांच्या सांध्यावर ‘टक्’ असा आवाज आला तर क्लिपच्या वरच्या कोपऱ्यावर माउस नेल्यावर दिसणारा गोल किंचित आत ओढा, आवाज हळू चढतो-उतरतो आणि सांधा बुजतो. तरीही मागचा पंखा किंवा रस्त्याचा गोंगाट मध्येच थांबल्यासारखा वाटला तर त्या खोलीतली कोरी शांतता उपयोगी पडते. दर वेळी चित्रण संपलं की सगळ्यांना गप्प करून अर्धा मिनिट नुसतं टिपून घ्या. ती कोरी क्लिप खालच्या ऑडिओ ट्रॅकवर (ट्रॅक म्हणजे टाइमलाइनवरची एक आडवी ओळ) पसरली की सगळे तुकडे एकाच स्वयंपाकघरात येतात.

चित्र बसवताना

कणा झाला की कंट्रोल आणि आय दाबून वर दुसरा व्हिडिओ ट्रॅक घ्या. वरच्या ट्रॅकवरचं चित्र खालच्याला झाकतं, खालचा आवाज मात्र चालू राहतो. मावशी बोलते आहे आणि आपण तिची बोटं पाहतो आहोत, हे इतकं साधं आहे. वरच्या ट्रॅकच्या डोक्यावरच्या स्पीकरच्या खुणेवर क्लिक करून त्याचा आवाज आधी बंद करा.

क्लिप १४ मध्ये एकच मोदक पूर्ण होताना दिसतो, ५२ सेकंद. त्यातले मी १९ ठेवले. पारीची वाटी डाव्या तळव्यावर आहे. उजव्या हाताचा अंगठा आत, दोन बोटं बाहेर, चिमूट घेतली की कळी. अशा अकरा कळ्या पडतात. पहिल्या तीन पूर्ण ठेवल्या, कारण बघणाऱ्याला चिमूट किती खोल घ्यायची ते दिसायला हवं. मधल्या पाच गाळल्या. शेवटच्या तीन ठेवल्या आणि मग सगळ्या कळ्या एकत्र येऊन टोक वळतं ते न कापता. पण तिसऱ्या आणि नवव्या कळीच्या मध्ये सरळ काप घेतला तर पारी एकदम उडी मारते. म्हणून मध्ये दोन सेकंद मावशीचा चेहरा लावला. ती खाली बघते आहे, ओठ घट्ट मिटलेले. चेहऱ्यावरून परत बोटांवर आलो की पाच कळ्या पडलेल्या असतात आणि कुणालाही काही गाळल्यासारखं वाटत नाही. अशा मधल्या चित्रांसाठी चित्रणाच्या वेळीच हात, चेहरा, भांडी, खिडकी यांच्या पाच-पाच सेकंदांच्या क्लिप्स जास्तीच्या घेऊन ठेवा.

काप कुठे घ्यावा याचं एक तंत्र मला नेहमी उपयोगी पडलंय : हालचाल चालू असताना घ्या. हात झाकणाकडे जायला लागला की कापा आणि पुढच्या चित्रात तोच हात झाकण उचलताना दाखवा. डोळा हालचालीच्या मागे जातो, सांधा त्याला दिसत नाही. दुसरं, पुढच्या प्रसंगाचा आवाज चित्राच्या अर्धा सेकंद आधी येऊ द्या. मोदकपात्राचं झाकण निघायच्या आधी वाफेची फुस्स ऐकू आली की माणूस सरसावून बसतो. तेवढ्यासाठी ती एक क्लिप खालच्या ट्रॅकवर आवाजासकट ठेवली.

एका प्रसंगातून दुसऱ्यात जाताना पान उलटणं, चौकोन फिरणं, हृदयाचा आकार असली संक्रमणं वापरू नका. लग्नाच्या जुन्या व्हीसीडींमध्ये ती भरलेली असत आणि आज त्यांतलं लग्न दिसतच नाही, फिरणारे चौकोन दिसतात. साधा काप घ्या. वेळ गेल्याचं दाखवायचं असेल तेव्हा दोन क्लिप्स एकमेकींवर थोड्या चढवा, शॉटकट आपणहून एकीतून दुसरी उमलवतं.

रंगाचं थोडक्यात. ट्यूबलाइटखाली टिपलेलं हिरवट आणि खिडकीपाशी टिपलेलं निळसर दिसतं. ‘फिल्टर्स’मध्ये ‘व्हाइट बॅलन्स’ घ्या आणि त्यातल्या रंगवेचकाने चित्रातली एखादी खरी पांढरी वस्तू निवडा. माझ्याकडे तांदळाची पिठी होतीच. चित्रावरून आडव्या पट्ट्या सरकताना दिसत असतील तर त्या नंतर जात नाहीत. त्या चित्रणातच टाळायच्या. आपली वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. फोनच्या ‘प्रो’ मोडमध्ये शटर १/५० किंवा १/१०० ठेवला की पट्ट्या नाहीशा होतात.

आवाजाची पातळी आणि संगीत

‘पीक मीटर’ उघडा. बोलण्याचे उंच शब्द उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहावेत. शून्याला टेकलं की आवाज फाटतो आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. कमी-जास्त करायला ‘गेन/व्हॉल्यूम’ हा फिल्टर. पंख्याची घरघर असेल तर खालचे खोल आवाज गाळणारा ‘हाय पास’ फिल्टर ८०-१०० हर्ट्झवर लावून पाहा. बाईमाणसाचा आवाज त्याच्या वर असतो, म्हणून बोलण्याला धक्का लागत नाही.

सिनेमाचं गाणं मागे टाकू नका. यूट्यूबवर चढवलंत तर तिथली यंत्रणा ते ओळखते आणि मालकाचा दावा लागतो. यूट्यूबच्याच ऑडिओ लायब्ररीत वापरायला मोकळं संगीत आहे. आम्ही काहीच शोधलं नाही : मावशी काम करताना एक जुनी ओवी गुणगुणत होती, तीच सुरुवातीला आणि शेवटी लावली. कुठलंही संगीत बोलण्याखाली ठेवायचं तर इतकं खाली ठेवा की आहे की नाही असं वाटावं. हेडफोनवर ठरवा आणि मग फोनच्या स्पीकरवर तपासा, कारण घरचे तिथेच ऐकणार आहेत.

मराठी अक्षरं

क्लिपच्या ज्या भागावर अक्षरं हवीत तेवढा तुकडा आधी ‘एस’ने वेगळा करा, मगच ‘फिल्टर्स’मधून ‘टेक्स्ट : सिंपल’ लावा. उलट केलंत तर दोन्ही तुकड्यांवर अक्षरं राहतात. फॉन्ट युनिकोड हवा. डीटीपीवाल्यांकडचे जुने फॉन्ट इथे ‘मोदक’च्या जागी भलतीच चिन्हं उमटवतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट फुकट आहेत, पडद्यावर ठसठशीत दिसतात; मी मुक्ता वापरते. जोडाक्षरं फुटत नाहीत ना, हे पाहायला ‘पाऱ्या, कळ्या, वाफवल्यावर’ एवढं टाइप करून बघा. ‘ऱ्या’मधला रफार डोक्यावर चढला किंवा ‘ल्या’चे तुकडे झाले तर फॉन्ट बदला.

अक्षरं मोठी, मागे अर्धपारदर्शक गडद पट्टी, आणि तुम्ही ती दोनदा मोठ्याने वाचून होईपर्यंत पडद्यावर. सहा मिनिटांत मी पाचच पाट्या टाकल्या : मापं, आणि वाफवायची मिनिटं. बाकी मावशी सांगतेच आहे.

तयार फाइल

‘एक्स्पोर्ट’ उघडा, डावीकडच्या यादीतून ‘यूट्यूब’ निवडा, ‘एक्स्पोर्ट फाइल’ दाबा आणि ‘तयार’ फोल्डरमध्ये तारखेसह नाव द्या. ‘जॉब्स’मध्ये टक्केवारी दिसत राहते. या काळात लॅपटॉप चार्जिंगला लावलेला आणि टणक पृष्ठभागावर असू द्या, पलंगावर नको, कारण तो चांगलाच तापतो. १०८०पी, ३० फ्रेमसाठी यूट्यूब सेकंदाला ८ मेगाबिट सुचवतं. एका बाइटला आठ बिट, म्हणजे सेकंदाला एक एमबी, मिनिटाला ६०, सहा मिनिटांना ३६०. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा; २ जीबीपर्यंतची फाइल न दाबता जाते.

पाठवण्याआधी पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत एकदा फोनवर आणि एकदा टीव्हीवर पाहा. पुढे-मागे न करता, हातात वही घेऊन. टीव्हीवर पाहताना मला सारणाच्या प्रसंगात एक काळी फ्रेम दिसली, दोन तुकड्यांत राहिलेली फट. लॅपटॉपवर ती चारदा नजरेतून सुटली होती. ती बुजवली, पुन्हा एक्स्पोर्ट केलं आणि मग सगळं ‘मोदक’ फोल्डर, मूळ क्लिप्ससकट, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी केलं.

रविवारी मावशीला दाखवला. पूर्ण पाहिला तिने, मध्ये काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, “उकडीत मीठ घातलेलं दाखवलंच नाहीस गो. पोर अळणी करील.” वही उघडली. क्लिप ५, १:३२, पाण्यात चिमूटभर मीठ. मी तिथे ‘हात हलला’ लिहून पुढे गेले होते. प्रोजेक्ट उघडला, चार सेकंदांचा तुकडा पाणी उकळायच्या आधी घातला, पुढचं सगळं सरकलं, पाटीवर ‘चवीला मीठ’ हे दोन शब्द वाढवले. दहा मिनिटांत नवी फाइल तयार झाली, आणि भाचीकडे गेली ती हीच.